पेटीवरचं सहावं नाव

बार्सिलोनात नवीन उतरलेल्या आमच्या बायकांनी पहिल्यांदा कुणाला गाठावं, असं रावालच्या गल्ल्यांत कुणालाही विचारा. पुरिंगताईचं नाव सांगतील. पूर्ण नाव पुरिफिकासिओन माग्सिनो, गाव फिलिपिन्सच्या बातांगासमधलं, वय एक्कावन्न, काम एका ऐंशी वर्षांच्या म्हातारीची उठबस. मी बेबेंग. तिच्याच गावची, तिच्याच खोलीत झोपणारी, वयानं सात वर्षांनी लहान आणि अकलेनं सत्तर वर्षांनी. हे शेवटचं मी आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला सांगायला नको.

आम्हा घरकामवाल्यांना गुरुवारची दुपार मोकळी आणि रविवार. गुरुवारी चार वाजता चर्चमागच्या बाकावर पुरिंगताई येऊन बसायची, मांडीवर बिस्किटांचा निळा डबा. नवीन पोर समोर आली की आधी "जेवलीस का?" आणि मग तोंडाचा पट्टा सुरू.

"विमानातून उतरलीस की आधी पालिकेची खिडकी. पाद्रोनवर नाव घाल. झोप नंतर काढ."

पाद्रोन म्हणजे पालिकेची रहिवासी यादी. तुमच्याकडे राहण्याचा परवाना असो नसो, तुम्ही या घरात राहता एवढं त्यात लिहितात. तीन वर्षं सलग नाव राहिलं आणि कुणी नोकरीचा करार दिला, की परवान्यासाठी अर्ज करता येतो. आमच्यासारख्यांना आत शिरायला ती एवढीच फट.

"तुझी तीन वर्षं विमान उतरल्यापासून मोजत नाहीत," ती म्हणायची. "खिडकीवरची बाई शिक्का मारते तिथून मोजतात. मी दीड वर्ष फुकट घालवलंय, तू नको घालवू."

ते दीड वर्ष तिनं एका कुटुंबाकडे काढलं होतं. तिला ते दुबईहून बरोबर घेऊन आले, तिचा पासपोर्ट स्वतःच्या कपाटात ठेवला आणि तिला स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत. एका रविवारी ती कचरा टाकायला म्हणून उतरली ती परत गेलीच नाही. पासपोर्ट आधल्या रात्री परकरात शिवून ठेवलेला. म्हणून दुसरा सल्ला पासपोर्टचा. "मालकीण म्हणाली, दे मी जपून ठेवते, तर म्हण माझ्या मावशीकडे आहे. मावशी नसली तरी मी आहे."

मग बाकीचे. दर महिन्याला तुझं नाव आणि तारीख असलेला एक तरी कागद डब्यात पडला पाहिजे, दवाखान्याची चिठ्ठी, घरी खोकं पाठवल्याची पावती, काहीही. दुकानात शिरलीस की रांगेत घुसू नको, "शेवटचं कोण?" असं मोठ्यानं विचार, कारण इथे रांग दिसत नाही, लोकांच्या डोक्यात असते. बाजारात फळाला हात लावू नको, भाजीवाली हातावर मारेल. आगाऊ वेळ घेतल्याशिवाय इथे मरताही येत नाही, तेव्हा आधी वेळ घे. ऑगस्टमध्ये हे शहर कुलूप लावून समुद्रावर जातं, जे काय असेल ते जुलैत उरक. आणि पत्रांच्या पेटीवर स्वतःचं नाव लाव. नाव नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो, मग तुला देवानं बोलावलं तरी कळायचं नाही.

शब्दांबद्दलसुद्धा बजावायची. आमच्या भाषेत स्पॅनिश शब्द खंडीभर, पण त्यातले अर्धे दगाबाज. आमचा 'सिगुरो' म्हणजे बहुतेक, बघू. यांचा 'सेगुरो' म्हणजे पक्कं. तिनं पहिल्याच महिन्यात म्हातारीच्या मुलाला रविवारी 'सेगुरो' येते असं सांगितलं आणि गेली नाही. तो माणूस तिच्याशी महिनाभर धड बोलला नाही. "तेव्हा 'सेगुरो' म्हणताना दहादा विचार करा," ती सांगायची आणि पोरी हसायच्या.

एवढी शब्दांना घाबरणारी बाई. सगळ्यात साधा शब्द मात्र तिच्या हातून निसटला. आणि तो शब्द माझ्या तोंडून निघायचा होता.

पुरिंगताईला हा परवाना कशासाठी हवा होता, ते आमच्या इमारतीत सगळ्यांना पाठ होतं. तिची एकुलती एक मुलगी, क्रिझेल. ताई घरातून निघाली तेव्हा बारा वर्षांची. नवरा कधीच गेलेला, पोर ताईच्या बहिणीकडे. आमच्यात मुलगी अठरा वर्षांची झाली की मोठा समारंभ करतात. अठरा पुरुष एकेक गुलाब देऊन तिच्याबरोबर नाचतात, आणि अठरा बायका एकेक मेणबत्ती लावतात आणि प्रत्येकजणी तिला आयुष्यासाठी एक सल्ला देते. अठरावी मेणबत्ती आईची. निघताना क्रिझेलनं तिचा हात धरला होता. "अठराव्या मेणबत्तीला तरी येशील?" आणि ताईनं शपथ घेतली होती.

परवाना नसताना इथून बाहेर पडलं की परत येता येत नाही. आणि इथलं काम सोडलं तर क्रिझेलचं नर्सिंगचं शिक्षण कशावर होणार? म्हणून ताईनं गणित मांडलेलं. तीन वर्षं ऑक्टोबरात पुरी होतात. म्हातारीच्या मुलानं करार द्यायचं कबूल केलंय. तीन महिन्यांत परवाना हातात, फेब्रुवारीत गाव. भिंतीवरच्या कॅलेंडरवर फेब्रुवारीतला तो रविवार तिनं लाल पेनानं इतक्यांदा गोल केला होता की कागद फाटला.

आता माझी गोष्ट. माझी नाही, माझ्या मूर्खपणाची.

आमच्या घराच्या पेटीवर नावांच्या पाच पट्ट्या बसतात. आम्ही पाच जणी होतो. मे महिन्यात सहावी पोर आली, देलिया. ताईनं तिला दुसऱ्याच दिवशी खिडकीवर नेलं, नाव घातलं आणि घरी येऊन पेटीवरची स्वतःची पट्टी काढून तिथं देलियाची लावली.

"ताई, हे काय," मी म्हटलं. "तुझाच सल्ला ना, पेटीवर नाव पाहिजे म्हणून?"

"नवीन माणसाला पाहिजे. मला कोण पत्र लिहितंय? क्रिझेल तर फोनवर असते."

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. मीही हसले आणि विसरले.

जूनमधला गुरुवार. मी घरी, चुलीवर चिंचेचं सार, त्यात डुकराच्या फासळ्या. ताई देलियाला दवाखान्याचं कार्ड काढून द्यायला घेऊन गेली होती. दार वाजलं. गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक माणूस, हातात यादी. पालिकेचा. खरोखर कोण कोण राहतं ते बघायला येतात कधीकधी. मी घाबरले नाही, आमचं सगळं सरळ होतं. त्यानं एकेक नाव वाचलं, मी होय होय करत गेले. "या ना, जेवायला या," असंही म्हटलं, आमच्यात दारात आलेल्याला म्हणतातच. तो हसला, नको म्हणाला. मग यादीत खाली बोट नेऊन त्यानं विचारलं,

"पुरिफिकासिओन माग्सिनो. खाली पेटीवर नाव नाही त्यांचं. त्या आता इथे राहत नाहीत?"

मी म्हटलं, "नाही."

आणि भुवया उचलल्या.

आता तुम्हीच सांगा, काय चुकलं? कुणी विचारलं, ती राहत नाही का, आणि ती राहत असेल, तर आम्ही म्हणतो, नाही, म्हणजे तसं नाही, राहते की. राहत नसेल तर म्हणतो, हो, म्हणजे बरोबर, राहत नाही. आणि भुवया उचलणं म्हणजे आमच्यात होकार, त्यासाठी तोंड उघडायचीही गरज लागत नाही. माझ्या मते मी त्याला दोनदा सांगितलं होतं की राहते. इथे तसं नसतं. 'नाही' म्हणजे नाही. राहत नाही म्हणजे राहत नाही. भुवयांचं तर त्यांना काहीच कळत नाही, त्याला वाटलं असेल मला आश्चर्य वाटलं. त्यानं लिहून घेतलं, आभार मानले, गेला. माझं सार उतू जात होतं, मी धावले. ताई संध्याकाळी आली तेव्हा मी तिला सांगितलंसुद्धा, "पालिकेचा माणूस येऊन गेला, सगळं ठीक आहे."

सगळं ठीक आहे. जिभेला हाड नसतं म्हणतात ते खोटं नाही.

ऑगस्टमध्ये पालिकेनं ताईला पत्र पाठवलं. राहत असाल तर इतक्या दिवसांत येऊन सांगा, नाहीतर नाव कमी करतो. पोस्टमननं पेटीवर नाव शोधलं, सापडलं नाही, पत्र परत गेलं. हे सगळं आम्हाला ऑक्टोबरात कळलं, आम्ही दोघी तीन वर्षांचा दाखला काढायला खिडकीवर गेलो तेव्हा. ताईनं नवा ब्लाऊज घातला होता. जाताना वाटेत केक सांगून ठेवला होता, येताना घ्यायचा म्हणून.

खिडकीवरच्या मुलीनं स्क्रीनवर बघितलं, परत बघितलं.

"तुमचं नाव सप्टेंबरात कमी झालंय."

"असं कसं," ताई म्हणाली. "मी तिथेच राहते. तीन वर्षं एका दिवसाचा खंड नाही."

"जूनमध्ये तपासणीला माणूस आला होता. घरातल्या बाईनं सांगितलंय की तुम्ही राहत नाही."

ताई माझ्याकडे वळली नाही. नुसते ओठ पुढे काढून तिनं माझ्याकडे दाखवलं, आमच्यात बोटानं दाखवत नाहीत.  मी खिडकीच्या काचेला दोन्ही हात लावले आणि सांगायला लागले, माझं 'नाही' म्हणजे 'राहते' होतं, मी तर भुवयासुद्धा उचलल्या होत्या.  ती मुलगी वाईट नव्हती. तिनं ऐकून घेतलं, आणि शांतपणे विचारलं, "म्हणजे या तेव्हा तिथे राहत नव्हत्या, असं नाही?"

देवाशपथ सांगते, मला उत्तर देता येईना. हो म्हणू की नाही म्हणू? कुठल्या भाषेतलं? मी उभी राहून रडायला लागले.

"राहत होते," ताईच म्हणाली. "मी तिथे राहत होते. आजही राहते."

"मग मी आज तुमचं नाव परत घालते," ती मुलगी म्हणाली. "आजच्या तारखेपासून."

आजच्या तारखेपासून. शिक्का बसला तो आवाज मला अजून ऐकू येतो. केक आम्ही आणला नाही.

परवान्याच्या कामात मदत करणारी एक बाई चर्चमध्ये येते, मेर्से म्हणून. वकिली करून निवृत्त झालेली, आमच्या अर्ध्या गल्लीची कामं तिनं फुकट केलीत. ताईनं तो निळा डबा तिच्यापुढे पालथा केला. दवाखान्याच्या चिठ्ठ्या, खोक्यांच्या पावत्या, वाचनालयाचं कार्ड, बसचे पास, सगळं महिन्यावार रबर लावून. मेर्सेनं चष्मा काढला आणि पुसला.

"पुरी, एवढे पुरावे मी आजवर कुणाचे बघितले नाहीत. आपण दाद मागू. बहुतेक जिंकू."

"फेब्रुवारीच्या आत?"

"नाही गं. आठ महिने, दहा महिने. जास्तही."

तेव्हा ताईनं मला तिथल्या तिथे झापलं असतं तर बरं झालं असतं. मारलं असतं तरी चाललं असतं. पण तिनं घरी येऊन भात लावला, मला वाढलं. मी ताट बाजूला सारलं तेव्हा म्हणाली, "गाढवे, जेव. पट्टी मी काढली होती. तू एकटीनं नाही केलंस."

"पण मी नाही म्हटलं."

"मीही तेच म्हटलं असतं. माझी आईही तेच म्हणाली असती. आपलं अख्खं गाव म्हणालं असतं. हे मला सुचायला हवं होतं, सल्ले मी देत होते ना."

पुढच्या गुरुवारी बाकावर तिनं नवा सल्ला दिला, सगळ्यांत आधी सांगायचा. "नुसतं हो किंवा नुसतं नाही बोलायचं नाही. पूर्ण वाक्य बोला. राहते. ती इथे राहते. भुवया घरी ठेवून या." पोरी हसल्या, त्यांना मागचं ठाऊक नव्हतं. मी शेजारीच बसले होते. तिनं माझं नाव घेतलं नाही, एकदाही नाही, आणि मला वाटत होतं की जमिनीनं पोटात घ्यावं.

त्यानंतरचे सहा गुरुवार मी खिडकीवर गेले. मालकिणीला खोटं सांगून तासभर लवकर निघायचे. एक पूर्ण वाक्य पाठ केलं होतं, "माझ्या उत्तराचा अर्थ उलटा घेतला गेला." दर वेळी मुलगी वेगळी, दर वेळी उत्तर तेच, लेखी द्या. लेखी दिलं. मेर्सेनं ते अर्जाला जोडलं. सहाव्या गुरुवारी तिथल्या पहारेकऱ्यानं मला खुर्ची आणून दिली आणि म्हणाला, "बाई, तुम्ही आता कर्मचाऱ्यांतच जमा आहात." चेष्टा बरी होती. मला हसू आलं नाही.

ताईच्या पलंगाखाली बॅग अर्धी भरलेली होती. कधी ती त्यात क्रिझेलसाठी घेतलेले बूट ठेवायची, कधी काढायची. डिसेंबरात एकदा तिनं मला विचारलं, "गेले आणि परत आले नाही तर?"

"तर क्रिझेलचं कॉलेज?"

"हो ना."

"आणि नाही गेलीस तर?"

तिनं बूट पुन्हा बाहेर काढले. क्रिझेल फोनवर दर रविवारी विचारायची, येतेस ना. ताई म्हणायची, "सिगुरो." बहुतेक. बघू. मी बाजूला बसून भाजी निवडायचे आणि मान वर करायचे नाही. मी म्हटलंसुद्धा, पोरीला खरं सांगून टाक. ती एकदम उसळली, "तू गप्प बस. तू बोललीस तेवढं पुरे झालं." तेवढं एकदाच बोलली. मी त्याला पात्र होते, आणि बोलून ती रडली, मग मी तिला पाणी दिलं.

जानेवारीच्या शेवटी बॅग रिकामी होऊन कपाटावर गेली. बूट खोक्यातून पाठवले. पण फोनवर 'सिगुरो'च चालू. आमच्या गावात परदेशातल्या आया न सांगता येतात, समारंभ रंगात आला की मागच्या दारातून आत शिरतात, सगळे ओरडतात, रडतात. क्रिझेलच्या मैत्रिणीच्या आईनं गेल्याच वर्षी तसं केलं होतं. पोरीनं मनात काय धरलं होतं, ते मला फोनवर तिचा आवाज ऐकूनच कळत होतं. आवाजात चोरून हसू असायचं.

तो रविवार आला. तिकडे रात्रीचे आठ, आमच्याकडे दुपारचा एक. आम्ही सहा जणी टेबलाभोवती, फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा. ताई केस नीट बांधून, लिपस्टिक लावून बसली होती. क्रिझेल निळ्या झग्यात, पायात ते बूट. अठरा गुलाब झाले. मग मेणबत्त्या. शिक्षिका, चुलत बहिणी, शेजारणी, एकेक येऊन मेणबत्ती लावत होती आणि सल्ला देत होती. भरपूर पाणी पी. नवरा उशिरा कर. देवाला विसरू नको. सतरा झाल्या.

अठरावी ताईच्या बहिणीच्या हातात होती, न पेटवलेली. ती पुढे यायला लागली तर क्रिझेलनं तिला हातानं थांबवलं. सगळा हॉल मागच्या दाराकडे बघत होता. दार बंद होतं. कुणीतरी शिट्टी मारली. क्रिझेलच्या तोंडावर ते हसू होतं, तेच, चोरून ठेवलेलं. एक मिनिट गेलं असेल. गाणं वाजवणाऱ्यानं आवाज कमी केला.

मग तिनं फोन हातात घेतला. तिचा चेहरा आमच्या टेबलावर एवढा मोठा झाला. डोळ्यांतलं काजळ हलायला लागलं होतं.

"आई," ती म्हणाली, "तू दाराबाहेर नाहीस?"

माझा हात ताईच्या पाठीवर होता. पाठ ताठ झालेली मला कळली. पूर्ण वाक्य बोलायचं, हा तिचाच सल्ला, दर गुरुवारी बाकावर दिलेला. तिनं तोंड उघडलं. एकच शब्द आला.

"हो."

इथल्या खिडकीवरची मुलगी असती तर त्या 'हो'वर धावत जाऊन तिनं दार उघडलं असतं. क्रिझेल आमच्या भाषेत वाढलेली. तिनं दाराकडे बघितलंसुद्धा नाही.